कमी खर्चात लहान मुलाची खोली: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

दोन ते सहा वर्षांच्या मुलासाठी खोली तयार करायची म्हटले की बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर एक तयार चित्र उभे राहते: भिंतीवर हत्ती आणि जिराफ, मोटारीच्या आकाराचा पलंग, छताला टांगलेले कापडी ढग, आणि या सगळ्याशी रंग जुळणारे पडदे. हे चित्र प्रत्यक्षात उतरवायला बराच पैसा लागतो, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा त्याची आवड वर्ष-दीड वर्षात पालटलेली असते. मोटारींचे वेड असलेले मूल एके दिवशी डायनासोरच्या नादी लागते. मोटारीच्या आकाराचा पलंग मात्र जागचा हलत नाही. म्हणून या लेखात एकच धोरण धरले आहे. जे पाच-सहा वर्षे टिकायचे आहे ते साधे आणि भक्कम घ्यावे, आणि जे बदलत राहणार आहे ते इतके स्वस्त आणि सहज काढता येण्याजोगे ठेवावे की बदलताना जिवावर येऊ नये.

सुरुवातीलाच एक खुलासा केलेला बरा. एक वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागेचे नियम निराळे आणि अधिक कडक आहेत: सपाट व घट्ट गादी, त्यावर ताणून बसवलेली चादर, आणि उशी, मऊ खेळणी किंवा पाळण्याच्या कडेने लावायचे गादीचे पट्टे यांपैकी काहीही नाही. पुढील मजकूर चालत्या-बोलत्या, चढत्या-धावत्या मुलांसाठी आहे.

पहिली पायरी: खोली रिकामी करून गुडघ्यांवर बसावे

काहीही विकत घेण्यापूर्वी खोलीतील हलवता येण्याजोगे सर्व सामान बाहेर काढावे आणि रिकाम्या खोलीत, दारापासून सुरुवात करून, गुडघ्यांवर बसत एक फेरी मारावी. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते, म्हणजे त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम ८५ सेंटीमीटरवर असतात. उभ्याने पाहताना जी खोली ठीकठाक वाटते तीच या उंचीवरून पाहिली की निराळी दिसते. खिडकीच्या कठड्याची टोकदार कड नेमकी कपाळाच्या पातळीवर येते, भिंतीच्या तळाशी असलेले प्लगचे भोक समोर येते, टेबलाच्या खालच्या बाजूला वर आलेला खिळा दिसतो, आणि मोठ्या हौसेने लावलेल्या चित्रातील चित्र न दिसता त्याच्या काचेवरची दिव्याची तिरीप तेवढी दिसते. जे जे दिसेल ते जागीच वहीत लिहून घ्यावे. या यादीतील निम्मी कामे विनाखर्चाची असतात, आणि माझ्या मते खोलीचे रूप पालटण्यात सर्वांत मोठा वाटा याच कामांचा असतो.

बाहेर काढलेल्या सामानाचे तीन ढीग करावेत: परत आत जाणारे, दुरुस्त करून आत जाणारे, आणि या खोलीत पुन्हा न येणारे. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.

दुसरी पायरी: मोजमाप आणि पैशांची वाटणी

चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे १० सेंटीमीटर असे प्रमाण धरून खोलीचा नकाशा काढावा. दार कोणत्या बाजूला उघडते, खिडकी किती उंचीवर सुरू होते आणि विजेचे प्लग कुठे आहेत हे त्यात आवर्जून दाखवावे. पलंग, कपाट व टेबल यांचे त्याच प्रमाणात कागदाचे तुकडे कापून ते नकाशावर सरकवून पाहावेत. मधोमध मोकळी जमीन जास्तीत जास्त उरेल अशी मांडणी निवडावी, कारण या वयाचे मूल खुर्चीपेक्षा जमिनीवरच अधिक खेळते.

पैशांचे शंभर भाग धरले तर मी त्यांची वाटणी अशी करीन: ४० भाग गादी व पलंगासाठी, २० रंगकामासाठी, १५ सामान ठेवण्याच्या सोयींसाठी, १० सुरक्षेच्या वस्तू व दिव्यांसाठी, ५ निव्वळ सजावटीसाठी, आणि १० राखीव. सजावटीच्या लेखात सजावटीला फक्त पाच भाग हे वाचून हसू येईल. परंतु रंग, उजेड आणि आवरलेली जमीन या तीन गोष्टी जमल्या की उरलेले काम कागद, दोरा आणि चिमट्यांवर भागते. राखीव भागाला मात्र हात लावू नये. भिंत खरवडली की आत काय निघेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

तिसरी पायरी: भिंती

रंगाचा विचार करण्याआधी ओल पाहावी. भिंतीवर पोपडे आले असतील, पांढरा क्षार फुटला असेल किंवा कोपऱ्यात काळी बुरशी धरली असेल, तर पाणी कुठून येते ते शोधून आधी ते बंद करावे. ओल्या भिंतीवर दिलेला रंग वर्षभरात पुन्हा सुटतो आणि केलेला खर्च दुप्पट होतो. घर जुने असेल तर आणखी एक सावधगिरी बाळगावी. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा संशय असलेला जुना रंग कोरडा घासू नये. तो तपासून घ्यावा किंवा जाणकाराकडून काढून घ्यावा, आणि त्या काळात मुलाला तिकडे फिरकू देऊ नये. नवा रंग घेताना डब्यावर शिसेविरहित असा उल्लेख आहे की नाही ते पाहावे.

भिंत निरोगी असेल तर कामाचा क्रम सरळ आहे. खिळ्यांची भोके आणि भेगा लांबी (म्हणजे पुट्टी) भरून बुजवाव्यात, लांबी वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून भिंत एकसारखी करावी, धूळ ओलसर फडक्याने पुसावी, नव्या लांबीवर अस्तराचा (प्रायमरचा) एक हात द्यावा, आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. आधी छत, मग भिंती आणि शेवटी दार-खिडक्यांचे लाकूडकाम हा क्रम पाळला की खाली उडालेले शिंतोडे पुढच्या कामात आपोआप झाकले जातात.

रंग किती लागेल याचा हिशेब स्वतः करता येतो. समजा, खोली १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. चार भिंतींची एकूण लांबी ४० फूट, म्हणून क्षेत्रफळ ३६० चौरस फूट. त्यातून दाराचे सुमारे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की ३२३ उरतात. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन रंग एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट पुरतो. दोन हातांसाठी ६४६ चौरस फूट धरले तर सुमारे सहा लिटर रंग लागेल. हा आकडा हाताशी असला म्हणजे गरजेपेक्षा मोठा डबा घरी येत नाही.

संपूर्ण भिंत महागड्या, धुता येणाऱ्या रंगाने रंगवण्याची गरज नसते. हात, खडू आणि चाकांच्या खेळण्यांचे डाग प्रामुख्याने खालच्या एक मीटरच्या पट्ट्यात पडतात. म्हणून तेवढ्याच भागाला धुता येणारा, जरा गडद रंग द्यावा आणि वर फिकट साधा रंग ठेवावा. दोन रंगांची सीमारेषा जमिनीपासून मोजत न जाता पाणसळीने (आडवी पातळी दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या पट्टीने) घ्यावी, कारण जमीन क्वचितच अगदी सपाट असते. एका टोकाला एक मीटरवर खूण करावी, पाणसळ लावून ती दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी, आणि खडूची पूड लावलेला दोरा दोन्ही खुणांवर ताणून सूत मारावे, म्हणजे दोरा मध्ये चिमटीत ओढून भिंतीवर सोडावा. भिंतीवर उमटलेल्या रेषेला लागून मास्किंग टेप चिकटवावी आणि तिची कड बोटाच्या नखाने दाबून घ्यावी. दुसरा हात दिल्यावर रंग पुरता वाळण्याआधीच टेप तिरकी ओढत हळूहळू काढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली तर तिच्याबरोबर रंगाची सालही निघते आणि सरळ रेषेचा दात पडलेला कंगवा होतो.

रंगाची छटा दुकानातील उजेडात ठरवू नये. नमुन्याची लहानशी बाटली आणून एका मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींना टेकवून पाहावा. मुलाला निवडीत सहभागी करून घ्यायचे असेल तर आपल्याला चालतील अशा दोनच छटा त्याच्यापुढे ठेवाव्यात. पूर्ण रंगपट्टी हातात दिली तर ते सर्वांत झगझगीत रंगावर बोट ठेवणार, आणि मग नाही म्हणण्याची वेळ आपल्यावर येणार. रंगकाम झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान काही दिवस, मुलाला तिथे झोपवू नये. कमी वासाचा, कमी वाफा सोडणारा रंग थोडा महाग पडला तरी या खोलीपुरता तोच घ्यावा.

चौथी पायरी: पलंग आणि जुने फर्निचर

पलंग साधा, कमी उंचीचा आणि कोणत्याही खास आकाराचा नसलेला घ्यावा. जागा वाचते म्हणून दुमजली पलंगाचा मोह होतो. परंतु वरचा मजला सहा वर्षांखालील मुलासाठी नसतो. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे गादी जमिनीवर किंवा लाकडी फळ्यांच्या बुटक्या चौकटीवर ठेवणे. नुसत्या जमिनीवर ठेवलेल्या गादीखाली दमटपणा साठतो, म्हणून ती दररोज उभी करून हवा लागू द्यावी.

जुने फर्निचर घेतल्याने मोठी बचत होते, मात्र सर्वच जुन्या वस्तू घेण्याजोग्या नसतात. जुनी गादी घेऊ नये. ज्याची एक बाजू खाली सरकते असा जुन्या बनावटीचा पाळणा-पलंगही घेऊ नये. सैल झालेल्या बाजूत मूल अडकून झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेत २०११ पासून अशा पाळण्यांच्या विक्रीवर बंदी आली. लाकडी वस्तू घरात आणण्यापूर्वी तिच्या सांध्यांतून, खणांच्या मागच्या बाजूने आणि स्क्रूच्या भोकांतून विजेरी फिरवून ढेकणांचे काळे ठिपके किंवा वाळवीचा भुसा दिसतो का ते पाहावे. इथे आळस केला तर तो फार महागात पडतो.

तीन-चार खणांचे जुने कपाट नवे करण्याचे काम शनिवार-रविवारात होते. खण बाहेर काढून त्यांच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाकावेत, कारण एकसारखे दिसणारे खण सहसा एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मुठी उघडून त्यांचे स्क्रू एका डबीत ठेवावेत. लाकूड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. जुनी चमक जाऊन पृष्ठभाग मंद झाला की पुरे. लाकूड उघडे पाडण्याची गरज नसते. त्यावर अस्तर, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासणे, आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिल्यास रंगाचे ओघळ येतात आणि खण अडकू लागतात. खणांच्या बाजू, म्हणजे जिथे लाकूड लाकडावर सरकते तो भाग, रंगवू नये. तिथे मेणबत्ती घासावी. मुठी तेवढ्या नव्या आणल्या तरी कपाट ओळखू येत नाही.

यानंतरचे काम ऐच्छिक नाही. खणांचे कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पक्की बांधलीच पाहिजे. मूल खालचा खण ओढते, त्याची पायरी करून वर चढते, उघड्या खणांचे आणि त्याचे स्वतःचे वजन पुढे येते, आणि कपाट त्याच्यासकट कोसळते. एल आकाराचे दोन अँगल कपाटाच्या वरच्या कडेला, जाड लाकडात स्क्रूने बसवावेत आणि त्यांची दुसरी बाजू भिंतीत भोक पाडून, प्लग (स्क्रू धरून ठेवणारी लहान गुल्ली) ठोकून घट्ट करावी. नुसत्या पातळ पाठीच्या प्लायला लावलेला अँगल काहीच धरून ठेवत नाही.

पाचवी पायरी: पसाऱ्याला जागा

मुले आवरत नाहीत अशी तक्रार सर्वत्र असते; पण ठेवायची जागा त्यांच्या हाताला लागेल अशी क्वचितच असते. उघडी, बुटकी फळी आणि तिच्यावर झाकण नसलेले चार-पाच खोके एवढी सोय पुरते. पुठ्ठ्याच्या मजबूत खोक्यांना जुन्या चादरीचे कापड पांढऱ्या डिंकाने चिकटवावे. खळ वापरली तर स्वस्त पडते, पण झुरळे येतात. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याचे चित्र लावावे, कारण अक्षरे अजून वाचता येत नाहीत. एकूण खेळण्यांपैकी एक तृतीयांश खेळणी उचलून दुसरीकडे ठेवावीत आणि महिन्याने अदलाबदल करावी. नवे काही न आणता नवे मिळाल्याचा आनंद मिळतो आणि फळीही मोकळी राहते.

जड झाकणाची पेटी टाळावी. झाकण बोटांवर किंवा मानेवर पडते. पुस्तकांसाठी १० सेंटीमीटर खोल, पुढे आडवी पट्टी असलेली अरुंद फळी लावून मुखपृष्ठे समोर येतील अशी पुस्तके मांडावीत. याहून स्वस्त आणि रंगीत सजावट मला तरी ठाऊक नाही. कपडे व पिशव्यांसाठीच्या खुंट्या गोल टोकाच्या घ्याव्यात आणि मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर मुळीच लावू नयेत. डोक्याच्या जरा वर, हात सहज पोहोचेल इतक्या उंचीवर त्या असाव्यात.

सहावी पायरी: उजेड आणि पडदे

छताला एकच पांढराशुभ्र प्रखर दिवा असेल तर रात्री झोपवताना त्रास होतो. २७०० ते ३००० केल्व्हिन असे लिहिलेला पिवळसर एलईडी दिवा लावावा आणि झोपेच्या वेळेसाठी जमिनीलगत एक मंद दिवा ठेवावा. पडद्याचे कापड खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट घेतले की चुण्या नीट पडतात. जुन्या चादरीचा पडदा शिवून त्याला मागून गडद कापडाचे अस्तर लावले तर पहाटेचा उजेड अडतो आणि मूल अर्धा तास उशिरा उठते, असा निदान आमचा अनुभव आहे.

ओढून बंद करायच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या मुलांच्या गळ्याभोवती अडकून प्राणघातक अपघात होतात. या खोलीत दोरीविरहित पडदा लावावा. ते शक्य नसेल तर दोरी जमिनीपासून १५० सेंटीमीटरच्या वर पक्की गुंडाळून बांधावी. पलंग, खुर्ची किंवा चढता येईल अशी कोणतीही वस्तू खिडकीखाली ठेवू नये, आणि खिडकीच्या गजांमधील अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी असावे. शोभेच्या लहान दिव्यांच्या माळा नाण्याच्या आकाराच्या बटण-सेलवर चालत असतील तर त्या घेऊ नयेत, निदान सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर जखम करू शकतो.

सातवी पायरी: आता सजावट

इथपर्यंत आल्यावर खोली जवळजवळ तयार झालेली असते, आणि सजावटीसाठी ठेवलेले पाच भाग पुष्कळ वाटू लागतात. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर भिंतीला समांतर एक दोरा घट्ट ताणून दोन्ही टोकांना पक्का करावा आणि त्यावर लाकडी चिमट्यांनी त्याचीच चित्रे लावावीत. दोरा सैल सोडू नये, आणि तो पलंगाच्या वर नसावा. पलंगाच्या डोक्याशी काचेची चौकटही टांगू नये.

खालच्या गडद पट्ट्याच्या सरळ रेषेऐवजी डोंगररांग हवी असेल तर तीही टेपनेच होते. टेपचे कमी-अधिक लांबीचे तुकडे तिरके चिकटवून उंच-सखल शिखरे तयार करावीत आणि त्यांच्याखालचा भाग रंगवावा. शिखरे मोजून सारखी केली की ती करवतीच्या दातांसारखी दिसतात, म्हणून मुद्दाम एक उंच आणि दोन बुटकी अशी सोडावीत.

भिंतीवर चिकटवायची चित्रे हा सोपा उपाय आहे, फक्त घाई करू नये. मी नव्या रंगावर आठवड्याच्या आतच झाडाचे मोठे चित्र लावले, ते वाकडे बसले म्हणून काढायला गेलो, आणि तळहाताएवढा रंग फांद्यांसकट हातात आला. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तेवढे थांबावे, आधी दाराआडच्या कोपऱ्यात एक लहान चित्र लावून पाहावे, आणि काढताना केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा देत सावकाश सोडवावे. फळ्याचा काळा रंग भिंतीला देण्याची कल्पना आकर्षक असली तरी खडूची धूळ थेट अंथरुणावर बसते. त्यापेक्षा कोऱ्या कागदाचा रोल आडव्या दांडीवर लावून दिलेला बरा.

आठवी पायरी: शेवटची तपासणी

सामान लावून झाल्यावर पुन्हा एकदा गुडघ्यांवर बसून फेरी मारावी आणि पहिल्या दिवशीची यादी समोर ठेवून एकेक नोंद खोडावी. मूल तीन वर्षांखालील असेल तर टॉयलेट पेपरच्या रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी जवळ ठेवावी: जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती घशात अडकू शकते, म्हणून ती या खोलीत नको. कपाट दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहावे, ते हलता कामा नये. गालिचा असेल तर त्याखाली न घसरणारी रबरी जाळी घालावी.

पंधरा दिवस खोली वापरू द्यावी आणि मगच उरलेली खरेदी करावी. मूल कोणत्या कोपऱ्यात बसते, कोणता खोका कधीच उघडत नाही, रात्री कोणत्या कुशीवर वळते हे तोवर कळते आणि यादीतील दोन-तीन वस्तू आपोआप गळतात. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून ठेवावा. आत हवा कमी राहिली की साय धरत नाही. बरणीवर छटेचा क्रमांक, कंपनीचे नाव, तारीख आणि कोणत्या भिंतीचा रंग ते लिहून ती मुलाच्या हाताबाहेर ठेवावी, कारण खालच्या पट्ट्यावर पहिला ओरखडा पडायला फार दिवस लागत नाहीत.